बी ते खोडभर स्प्राउट्स: माझा अनुभव

ब्रसेल्स स्प्राउट्स, म्हणजे खोडाला लागणारे छोट्या कोबीसारखे गड्डे, बियांपासून लावायचे म्हटलं की सगळे पहिला प्रश्न हाच विचारतात, बी कधी पेरायचं? आणि मी उलट विचारते, तुमच्याकडे वर्षातले सगळ्यात थंड आठवडे कोणते? कारण या पिकात पेरणीपासून पुढे मोजून भागत नाही, तोडणीपासून मागे मोजावं लागतं. ते छोटे छोटे गड्डे घट्ट भरायला साधारण 15 ते 18 अंश सेल्सिअसची हवा लागते, आणि रोप जमिनीत गेल्यापासून तिथपर्यंत यायला जातीप्रमाणे 80 ते 120 दिवस, उशिराच्या जातींना त्याहून जास्त. त्याच्या आधी ट्रेमधले चार ते सहा आठवडे वेगळेच. म्हणजे बी हातात घेतल्यापासून पहिला स्प्राउट तोडेपर्यंत चार-पाच महिने आरामात जातात, आणि त्यातले शेवटचे दीड-दोन महिने थंडीत पडले पाहिजेत. मी आधी थंडीचे आठवडे कॅलेंडरवर खुणा करून ठेवले आणि तिथून मागे मागे येत पेरणीचा आठवडा काढला, तो आला गरमी अजून पुरती सरलेली नसताना, आणि तेच बरोबर होतं. अजून एक, पाकिटावर जे "इतक्या दिवसांत तयार" लिहिलेलं असतं ते बहुतेक वेळा लावणीपासूनचे दिवस असतात, पेरणीपासूनचे नाही, तर ते नीट वाचून घ्या.

कोबी आणि फ्लॉवर मी आधीपासून लावत होते, त्यामुळे हे घराणं माहितीतलं. कोबी, फ्लॉवर, ब्रोकोली, नवलकोल, केल आणि ब्रसेल्स स्प्राउट्स, वनस्पतिशास्त्राप्रमाणे ही सगळी एकच प्रजाती, ब्रासिका ओलेरेशिया. माणसाने शेकडो वर्षं निवडत निवडत त्यातून वेगवेगळे प्रकार काढले. कोबीत शेंड्याचा एकच डोळा फुगतो, नवलकोलात खोड फुगतं, फ्लॉवरमध्ये फुलोरा फुगतो, आणि ब्रसेल्स स्प्राउट्समध्ये खोडावरच्या पानापानाच्या बेचक्यातला डोळा फुगून त्याचा गड्डा होतो. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सगळं आपोआप कळत जातं, कारण जितकी पानं तितके डोळे आणि जितके डोळे तितके स्प्राउट्स. म्हणजे पहिले तीन महिने आपण स्प्राउट्स वाढवतच नसतो, आपण खोड आणि पानं वाढवत असतो. त्या काळात रोप खुरटलं तर नंतर कितीही खत घातलं तरी डोळ्यांची संख्या वाढत नाही.

जात निवडताना मी दोन घेतल्या. एक लाँग आयलंड इम्प्रूव्ह्ड, जुनी सरळ जात आहे, बी धरून ठेवता येतं, झाड फार उंच होत नाही पण सगळे गड्डे एकसारखे येत नाहीत. दुसरी जेड क्रॉस, ही हायब्रीड, गड्डे सारख्या आकाराचे आणि खोडाला दाटीने लागतात, पण तिचं बी धरून उपयोग नाही, पुढच्या पिढीत काय निघेल सांगता येत नाही. ज्यांच्याकडे थंडी लांबलचक असते त्यांनी सरळ जात बिनधास्त लावावी. ज्यांना थंडीचे मोजकेच आठवडे मिळतात त्यांनी लवकर येणारी हायब्रीड घ्यावी, इथे हौसेपेक्षा हवामानाचं ऐकलेलं बरं.

बी मोहरीसारखं दिसतं, गोल, काळपट तपकिरी. नातं आहेच म्हणा, मोहरी याच कुळातली. थंड आणि कोरड्या जागी ठेवलं तर चार-पाच वर्षं उगवण चांगली राहते, म्हणून अख्खं पाकीट एकदम संपवायची गरज नाही. ट्रेमध्ये कोकोपीट आणि चाळलेलं गांडूळखत मिसळून भरलं, प्रत्येक कप्प्यात दोन-दोन बिया, एक सेंटीमीटर खोल, वरून हलकं दाबलं आणि बारीक झारीने पाणी. 20 ते 25 अंशांत हे बी झपाट्याने उगवतं, पाचव्या-सहाव्या दिवशी बदामी आकाराची दोन दोन दळं वर आलेली दिसतात, थंडीत जरा उशीर होतो पण दहा दिवसांत यायलाच पाहिजे.

उगवलं की त्याच दिवशी ट्रे उजेडात हवा. खिडकीतला एका बाजूचा उजेड यांना पुरत नाही, दोन दिवसांत रोपं बारीक लांब होऊन वाकतात आणि मग ती कधीच भक्कम होत नाहीत. मी ट्रे सरळ बाहेर उघड्यावर ठेवला, दुपारच्या उन्हाला फक्त पातळ शेडनेट, बाकी सकाळचं पूर्ण ऊन. पाणी सकाळी, आणि तेसुद्धा वरचा थर सुकल्यावरच, कारण या वयात सगळ्यात मोठी भीती रोप कोलमडण्याची, एक बुरशी जमिनीलगत खोड कुजवते आणि सकाळी ताठ असलेलं रोप संध्याकाळी आडवं पडलेलं सापडतं. त्याला औषध शोधत बसण्यापेक्षा पाणी कमी आणि वारा मोकळा एवढं सांभाळलं की पुष्कळ झालं. दोन खरी पानं आली की कप्प्यातलं कमजोर रोप कात्रीने कापायचं, उपटायचं नाही, उपटलं की शेजारच्याची मुळं हलतात.

रोपं ट्रेमध्ये वाढत होती तोवर वाफ्याचं काम, आणि याबद्दल मला जरा जास्त बोलायचंय कारण इथे कोबीवर्गाची गंमत आहे. आपल्याला सवय असते की माती जितकी भुसभुशीत तितकी चांगली. गाजराला ते खरं आहे, पण ब्रसेल्स स्प्राउट्सला माती घट्ट लागते. झाड दोन-अडीच फूट, कधी तीन फूट उंच जातं, वरून पानांचा मोठा घेर, खाली मुळं उथळ. पोकळ मातीत ते वाऱ्याने हलत राहतं, बारीक मुळं तुटत राहतात आणि त्याचा परिणाम दिसतो तीन महिन्यांनी, गड्डे घट्ट न होता पानं सुटी सुटी होऊन उघडतात. म्हणून वाफ्यात कुजलेलं शेणखत लावणीच्या खूप आधी मिसळून ठेवलं, माती बसू दिली, आणि लावणीच्या आधी वाफ्यावर पायाने नीट तुडवून घेतलं. घरातले म्हणत होते की एवढी मेहनत करून खणलेलं आता तुडवतेस कशाला, त्यांना म्हटलं थांबा, कळेल. ताजं शेणखत मात्र अजिबात नको, त्यातल्या नत्राने (नायट्रोजनने) झाड नुसतं पानांनी माजतं आणि गड्डे सैल राहतात.

मातीचा सामू (pH, म्हणजे माती किती आम्ल आहे ते) बघणं पण गरजेचं, 6.5 ते 7.5 च्या मधे असला की चांगलं. आम्लधर्मी मातीत या कुळाला क्लब रूट नावाचा रोग होतो, मुळं गाठी येऊन सुजतात, दुपारी झाड मान टाकतं, संध्याकाळी परत उभं राहतं, आपल्याला वाटतं पाणी कमी पडलं, आणि उपटून बघेपर्यंत कळत नाही. त्याचे बीजाणू मातीत पंधरा-वीस वर्षंसुद्धा टिकतात म्हणून एकदा आला की आला. माझी माती किंचित आम्ल निघाली म्हणून लावणीच्या बऱ्याच आधी शेतीचा चुना मिसळला. आणि जिथे आदल्या हंगामात कोबी, फ्लॉवर, मुळा, मोहरी यातलं काहीही होतं तो वाफा सोडून दिला, तीन-चार वर्षं तरी या कुळातलं काही परत त्याच जागी लावू नये.

रोपं बोटभर उंच आणि चार-पाच खऱ्या पानांची झाली की लावणीला तयार. त्याआधी आठ-दहा दिवस शेडनेट काढून पूर्ण ऊन आणि वारा लागू दिला, पाणी थोडं ताणलं, पानांवर तो निळसर मेणासारखा थर चढला की समजायचं रोप आता कणखर झालं. लावताना खोलगट लावायचं, पहिल्या खऱ्या पानांच्या खालपर्यंत माती यायला पाहिजे, म्हणजे खोडाला आधार मिळतो आणि वरची मुळं फुटतात. भोवतालची माती हाताच्या मुठीने दाबायची, आणि तपासायची माझी पद्धत अशी की एका पानाचं टोक चिमटीत धरून हलकं ओढायचं, पान फाटलं पाहिजे पण रोप हलता कामा नये. दोन झाडांत 60 सेंटीमीटर अंतर ठेवलं. रोपं लहान असताना हे अंतर ओसाड वाटतं, मन होतं मधे अजून एक ओळ घुसवायची, पण पुढे पानं एकमेकांना भिडतात आणि आतमध्ये वारा खेळला नाही की मावा आणि बुरशी दोघांनाही मोकळं रान. त्या मोकळ्या जागेत मी पालेभाजी टाकली, ती झाडं मोठी व्हायच्या आत काढून पण झाली. रोपाच्या बुंध्याभोवती जाड पुठ्ठ्याची कॉलर बसवली, जमिनीत थोडी आत आणि थोडी वर, कारण रात्री रोपं कुरतडणारी अळी एका रात्रीत बुंध्यापासून रोप कापून टाकते.

मग पुढचे दोन-तीन महिने दिसायला काहीच होत नाही, नुसती पानं येत राहतात, आणि याच काळात बरेच जण कंटाळून लक्ष काढून घेतात. सासूबाई रोज सकाळी चक्कर मारायच्या आणि विचारायच्या, "अगं, याला कोबी कुठे लागणार?" मी त्यांना खोडाशी वाकून दाखवायचे. पानाचा देठ जिथे खोडाला चिकटतो तिथे बरोबर वरच्या कोपऱ्यात बाजरीच्या दाण्याएवढा एक हिरवा ठिपका असतो, बोटाने पान जरा खाली वाकवलं की दिसतो, आणि भिंग लावून बघितलं तर त्या एवढ्याशा ठिपक्यातसुद्धा एकावर एक घडी घातलेली पानं दिसतात. वरच्या पानाकडे गेलं की अजून बारीक, त्याच्या वरच्या पानात नुसती शंका. पानं पण खोडाभोवती गोल फिरत फिरत वर जातात, एकाखाली एक येत नाहीत, त्यामुळे ते ठिपकेसुद्धा खोडाभोवती वळसे घेत चढलेले. एकदा हे दाखवल्यावर त्यांचा प्रश्न बदलला, मग त्या येऊन सांगायच्या की आज खालचे दोन मोठे दिसतायत.

या काळातलं काम साधं पण रोजचं. पाणी आठवड्याला साधारण इंचभर पावसाइतकं, म्हणजे 25 मिलिमीटर, आणि ते नियमित, मधेच कोरडं मधेच भरपूर असं नको. वाळलेल्या पानांचं आच्छादन जाड टाकलं, या झाडाला मुळाशी गारवा आवडतो. लावणीनंतर महिन्याभराने एकदा आणि गड्डे दिसायला लागायच्या आधी एकदा खत दिलं, पेंड आणि गांडूळखत मिसळून, त्यानंतर नत्राचा हात आखडता घेतला. बोरॉन कमी पडलं तर खोड आतून पोकळ होतं आणि गड्डे सैल येतात, पण बोरॉन ही अशी गोष्ट आहे की थोडं जास्त झालं तरी झाडाला विष, त्यामुळे माती तपासल्याशिवाय त्याच्या वाटेला जाऊ नका, चांगलं कुजलेलं कंपोस्ट असलं की बहुतेक वेळा भागतं. वाऱ्याच्या दिवसांत प्रत्येक झाडाला एक काठी आणि सैल गाठ, आणि बुंध्याशी मातीची भर.

आता किडी. यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला आणि खरं सांगते, या पिकाचं निम्मं यश इथे ठरतं. पांढरी फुलपाखरं वाफ्यावर भिरभिरायला लागली की समजायचं अंडी घालणार. मोठ्या जातीचं फुलपाखरू पिवळट अंडी पुंजक्याने घालतं, छोट्या जातीचं एक एक सुटं, दोन्ही बहुतेक करून पानाच्या खालच्या बाजूला. पुंजका दिसला की अंगठ्याने चिरडला, विषय संपला. जास्त ताप दिला तो चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाने. याची अळी बारीक, फिकट हिरवी, जेमतेम सेंटीमीटरभर, पानाचा खालचा भाग खाते आणि वरचा पापुद्रा तसाच ठेवते, त्यामुळे पानाला छोट्या छोट्या पारदर्शक खिडक्या दिसतात. ओळखायची खूण अगदी सोपी, काडीने हलकं डिवचलं की ती मागे मागे वळवळत जाते आणि रेशमाच्या बारीक धाग्यावर लटकून खाली सटकते. ही कीड बऱ्याच कीटकनाशकांना दाद देईनाशी झालेली आहे, जगभरात ती त्यासाठीच बदनाम आहे, म्हणून रासायनिक फवारे मारत बसण्यात मला काही अर्थ वाटला नाही. मी बीटी वापरलं, म्हणजे बॅसिलस थुरिन्जिएन्सिस या जिवाणूचं औषध. ते अळीने खाल्लं तरच काम करतं, उन्हात लवकर निकामी होतं आणि लहान अळ्यांवरच नीट चालतं, म्हणून संध्याकाळी, पानाच्या खालून, आणि खिडक्या दिसायला लागल्या लागल्या फवारायचं. सगळ्यात खात्रीचा उपाय मात्र बारीक जाळी, लावणीच्या दिवशीच कमानी रोवून वर घातलेली आणि कडा मातीत दाबलेल्या. काही झाडं उंच झाल्यावर जाळीला टेकायला लागली, टेकलेल्या पानावर बाहेरून बसून फुलपाखरू अंडी घालून जातं, तेव्हा कमानी उंचच घ्या.

मावा ही वेगळी गोष्ट आहे. कोबीवरचा मावा राखाडी, अंगावर पीठ भुरभुरल्यासारखा, आणि तो बसतो नेमका कुठे तर शेंड्यात आणि त्या बेचक्यांमध्ये. एकदा गड्ड्याच्या पानांच्या आत शिरला की बाहेरून काहीही फवारा, पोचत नाही, आणि तो गड्डा टाकूनच द्यावा लागतो. म्हणून गड्डे वाटाण्याएवढे असतानाच रोज सकाळी शेंडा आणि बेचके बघायचा नेम ठेवला. सुरुवातीची वस्ती पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने उडवली, मग साबणाचं पाणी, मग निंबोळी तेल. अधूनमधून त्या माव्यात तपकिरी, फुगलेले, न हलणारे मणी दिसतात, ते मात्र धुवायचे नाहीत. एक अगदी बारीक गांधीलमाशी माव्याच्या अंगात अंडं घालते आणि तिचं पिल्लू आतून त्याला संपवतं, त्याचं ते रिकामं कवच. असे मणी असलेलं पान मी जाणूनबुजून ठेवून दिलं आणि शेजारच्या झाडांवरचा मावा पण पुढच्या दिवसांत कमी कमी होत गेला. मावा खाणारे ढालकिडे (लेडीबर्ड) आले ते वेगळेच.

थंडी पडली आणि झाडाचा नूर बदलला. खालची पानं पिवळी पडायला लागतात, ते नैसर्गिक आहे. पिवळं झालेलं पान देठापासून खाली दाबून मोडून काढायचं, त्याने खालच्या गड्ड्यांना हवा आणि जागा मिळते. काही जण हिरवी पानं पण निम्म्या खोडापर्यंत काढून टाकतात, मला ते पटत नाही, गड्डा भरायला लागणारं अन्न त्याच पानांत तयार होतं, काढायचंच असेल तर पिवळं तेवढं काढा.

शेंडा खुडायचा का नाही यावर लोकांचे दोन पक्ष आहेत, म्हणून मी काही झाडांचा खुडला आणि काहींचा तसाच ठेवला. खुडायची वेळ म्हणजे सगळ्यात खालचे गड्डे दीड-दोन सेंटीमीटरचे झाले की, तोडणीच्या साधारण तीन-चार आठवडे आधी. खोडाच्या टोकाचा वाढता कोंब तेवढा चिमटून काढायचा. शेंडा वरून एक संप्रेरक खाली पाठवत असतो ज्याने बाजूचे डोळे दबून राहतात, तो गेला की सगळे डोळे एकदम जोर धरतात. खुडलेल्या झाडांवर वरचे गड्डे खालच्यांना गाठायला लागले आणि जवळजवळ सगळं खोड एकाच वेळी भरलं. न खुडलेल्या झाडांवर खालून वर हळूहळू भरत गेले आणि तोडणी कितीतरी जास्त दिवस चालू राहिली. माझं मत असं की घरच्यासाठी लावत असाल आणि थंडी लांब असेल तर खुडू नका, दर आठवड्याला थोडे थोडे ताजे मिळत राहतात, आणि थंडी संपत आली असेल तर मात्र नक्की खुडा, कारण गरमी सुरू झाली की वरचे अर्धवट गड्डे उघडणारच.

तोडणी नेहमी खालून वर. अडीच ते चार सेंटीमीटरचा, बोटांनी दाबल्यावर टणक लागणारा गड्डा तयार समजायचा, एका बाजूला दाबून पिळला की टक् करून निघतो, घट्ट बसला असेल तर सुरीने. मोठा होईल म्हणून थांबण्यात काही हशील नाही, मग तो पिवळा पडतो आणि उघडतो. चांगल्या झाडावर 50 ते 100 गड्डे लागतात, वजनात किलोभराच्या आसपास. माझ्या तुडवलेल्या वाफ्यातल्या झाडांवर खालपासून वरपर्यंत घट्ट मणी लागले होते आणि ज्यांनी तेव्हा टोकलं होतं तेच घरातले आता पाहुण्यांना वाफ्यावर नेऊन माती घट्ट का लागते ते समजावून सांगत होते, मला फार बरं वाटलं.

चवीबद्दल सांगायलाच हवं, कारण ही भाजी न आवडणाऱ्यांची संख्या मोठी आहे आणि त्यांच्यावर थोडा अन्यायच झालाय, म्हणजे भाजीवर पण आणि माणसांवर पण. जुन्या जाती खरोखरच कडू होत्या. 1990 च्या दशकात नेदरलँड्समधले संशोधक हान्स फान डोर्न यांनी सिनिग्रिन आणि प्रोगॉइट्रिन ही दोन द्रव्यं या कडवटपणाला मुख्य जबाबदार आहेत हे दाखवून दिलं, त्यानंतर बियाणं तयार करणाऱ्यांनी जुन्या साठ्यांतून कमी कडू वाण शोधून त्यांचा आजच्या भरघोस जातींशी संकर केला, त्यामुळे आजच्या बऱ्याच जाती चवीला सौम्य आहेत. आणि बाकीचं काम थंडी करते. कडाक्याची थंडी किंवा दव गोठण्याइतका गारठा पडला की झाड स्वतःला वाचवायला पेशींमधली साखर वाढवतं, त्यामुळे थंडीच्या एक-दोन लाटा खाल्लेला स्प्राउट आणि त्याआधी तोडलेला स्प्राउट यांच्या चवीत फरक पहिल्या घासाला कळतो. मी दोन्ही वेळचे तोडून बघितले, नंतरचे कच्चेसुद्धा गोडसर लागले. शिजवताना जास्त वेळ उकळले की गंधकाचा तो उग्र वास सुटतो, ज्याने लोक पळतात. अर्धे चिरून, कापलेली बाजू खाली करून, तेलावर मोठ्या आचेवर खरपूस करायचे आणि मधे अजून थोडे कुरकुरीत असतानाच उतरवायचे.

एक महत्त्वाचं, यात 'क' जीवनसत्त्व भरपूर, 100 ग्रॅम कच्च्यात 85 मिलिग्रॅम, आणि 'के' जीवनसत्त्व पण खूप, 177 मायक्रोग्रॅमच्या आसपास. घरात कोणी वॉरफरीनसारखी रक्त पातळ करायची गोळी घेत असेल तर डॉक्टरांना विचारून प्रमाण ठरवा, बागेत पीक आलंय म्हणून एकदम रोज भरपूर खाणं नको. न धुता पिशवीत घालून फ्रिजमध्ये आठवडाभर छान राहतात, आणि अख्खं खोडच कापून थंड जागी ठेवलं तर त्याहून जास्त. खुडलेला शेंडा फेकू नका, तो छोट्या सैल कोबीसारखा असतो आणि मला तर गड्ड्यांपेक्षा त्याची भाजी जास्त आवडली.

बी धरायचं असेल तर हे झाड दोन वर्षांचं आहे, पहिल्या वर्षी पानं आणि गड्डे, मग काही आठवडे सलग थंडी खाल्ल्यावर दुसऱ्या वर्षी पिवळी फुलं आणि शेंगा. पण जवळपास कोबी, फ्लॉवर किंवा केल फुलावर असेल तर मधमाश्या परागकणांची सरमिसळ करतात आणि बी शुद्ध राहत नाही. म्हणून लाँग आयलंडची दोन-चार तगडी झाडं राखली आहेत, आजूबाजूचा कोबी फुलावर यायच्या आत काढून टाकला, आणि फुलं येतील तेव्हा त्यांच्यावर जाळी टाकून ब्रशने परागीकरण स्वतः करणार आहे, एका झाडाची फुलं त्याच झाडाच्या परागाने सहसा फळत नाहीत म्हणून निदान दोन-तीन झाडं लागतातच. बाकीची खोडं मुळासकट उपटून मुळं तपासली, गाठी कुठे नव्हत्या, तेव्हा खोडं ठेचून कंपोस्टमध्ये टाकली, ती लाकडासारखी कडक असतात आणि अख्खी टाकली तर वर्षभर कुजत नाहीत. त्या वाफ्यात आता शेंगवर्गातलं पीक जाईल, आणि पुढच्या वेळी शेजारच्या वाफ्यात रूबाइन नावाची जांभळट लाल जात लावायची आहे, ती उशिरा येते आणि उत्पन्न जरा कमी देते असं म्हणतात, म्हणून तिचं बी बाकीच्यांच्या दोन-तीन आठवडे आधी टाकणार.